नवे बुश आठ महिन्यांत फाटले आणि दोष मालाचा नव्हता: एका जुन्या पिकअपचं प्रकरण

गाडी मामांची. १९९९ चं मॉडेल, डिझेल, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा दांडा), मागे पाटे, मीटरवर २ लाख ८६ हजार किलोमीटर. तक्रार अशी की ब्रेक मारला की पुढून आवाज येतो, गाडी सरळ चालत नाही, स्टिअरिंग सारखं सांभाळत बसावं लागतं, आणि डावा पुढचा टायर आतल्या कडेने एवढा घासलाय की बाहेरून बघितलं तर नवा वाटतो आणि आतून हात फिरवला तर तार लागते. आठ महिन्यांत दोनदा अलाइनमेंट झालेली. दोन्ही वेळा महिनाभर बरं, मग परत तेच.

मी पहिल्याच फोनवर म्हटलं मामा, लोअर आर्मचे बुश, म्हणजे खालचा आर्म चेसिसला जोडतात ती रबरं, गेले असतील. त्यावर मामा म्हणाले, "अरे बुश सोडून बाकी काय ते बघ, चारही बुश आठ महिन्यांपूर्वीच नवीन टाकलेत." मी ते मान्य केलं आणि तिथेच चुकलो. एक अख्खा रविवार स्टॅबिलायझर लिंकची रबरं बदलण्यात आणि व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढण्यात घालवला. बेअरिंगला थोडा प्ले होता खरा, पण त्याचा या तक्रारीशी काही संबंध नव्हता. संध्याकाळी चक्कर मारली, आवाज जसाच्या तसा.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे मामांच्या शेजारी बसून नुसतं ऐकलं. मामा त्याला "खडखड" म्हणत होते पण ती खडखड नव्हतीच. खड्ड्यातून, स्पीड ब्रेकरवरून गाडी गप्प जात होती. आवाज यायचा तो एकच, "टक्", ब्रेक लागल्याच्या क्षणाला, आणि मग रिव्हर्स टाकून निघताना परत एक "टक्". बस. खड्ड्यात वाजलं असतं तर लिंक, शॉक अॅब्सॉर्बरची रबरं, बॉल जॉइंट असा शोध घेतला असता, पण पुढे-मागे जोर बदलला की एकदाच वाजणं म्हणजे आर्म आपल्या जागेवरून पुढे-मागे सरकतोय. ब्रेक लागतो तेव्हा रस्ता टायरला मागे ओढतो आणि तो सगळा ओढा मुख्यतः लोअर आर्मवर येतो. तिथलं रबर धड असेल तर ते थोडं दबतं आणि आवाज येत नाही. फाटलेलं असेल तर लोखंड लोखंडावर जाऊन थांबतं.

चाक उचलून हलवायची जी नेहमीची टेस्ट आहे ती आम्ही रविवारी केलीच होती. वर-खाली धरून हलव, डावी-उजवीकडे धरून हलव, काही मिळालं नाही. याचं कारण नंतर समजलं. चाक लटकलेलं असलं तरी टॉर्शन बार आर्मला खाली दाबूनच ठेवतो, त्यामुळे फाटका बुशसुद्धा एका बाजूला टेकून घट्ट बसल्यासारखा वाटतो, हाताच्या जोराने तो सुटत नाही. म्हणून गाडी चाकांवरच ठेवली, फोन झिप टायने चेसिसला बांधला, कॅमेरा डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशवर, व्हिडिओ सुरू. मामांना म्हटलं ब्रेक दाबून धरा, पहिला टाकून क्लच हलकेच सोडा, गाडी दबली की परत दाबा, मग रिव्हर्स टाकून तेच. मी बाजूला उभा. हे करताना गाडीखाली किंवा समोर कोणी थांबायचं नाही, फोन तुटला तर दुसरा येतो.

व्हिडिओ बघून मामा गप्प झाले. आर्मचं मागचं टोक ब्रॅकेटच्या आत सरळ सरळ सेंटीमीटरभर पुढे-मागे होत होतं आणि प्रत्येक वेळी "टक्". उजवीकडे तसंच, पण कमी, तीन-चार मिलिमीटर.

"म्हणजे माल डुप्लिकेट निघाला," मामा म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आता काम सुरू करण्याआधी मोजमाप. सपाट जमिनीवर गाडी, टायरमध्ये हवा बरोबर, गाडी रिकामी, पुढून दोन-तीनदा दाबून सोडली आणि हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावला. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजलं तर टायरची झीज आणि हवा मध्ये येते, हबपासून मोजलं तर येत नाही. डावीकडे ४७२ मिलिमीटर, उजवीकडे ४८४. बारा मिलिमीटर डावीकडे खाली. हा आकडा वहीत लिहून ठेवला, त्याचा अर्थ लागायला अजून वेळ होता.

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, पुढून जॅक, चेसिसखाली दोन घोड्या (जॅक स्टँड), आणि जॅक तसाच हलका टेकवून ठेवला. चाकं काढली. ब्रेक कॅलिपर सोडून तारेने वर अडकवला, होजवर लटकू दिला नाही. मग टॉर्शन बार. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, या बारमध्ये गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं अख्खं वजन पिळून साठवलेलं असतं, तो ढिला केल्याशिवाय आर्मच्या बोल्टला हात लावायचा नाही, आणि ढिला करताना अँकर आर्मच्या (बारचं टोक धरणारा तुकडा) सरळ रेषेत तोंड ठेवायचं नाही. बार आणि अँकर दोघांवर मिळून रंगाची एक रेघ मारली म्हणजे परत बसवताना दाता चुकणार नाही, अॅडजस्टिंग बोल्टचे आटे बाहेर किती दिसतात ते व्हर्नियरने मोजलं, मग बोल्ट सोडत गेलो आणि फेरे मोजत गेलो. डावा-उजवा बार वेगळा असतो, दोन्ही ज्या बाजूला पिळायला बनवलेत त्याच बाजूला वापरायचे, अदलाबदल केली तर बार तुटायला आमंत्रण. टोकावर खूण असते, तरी मी वेगळी चिठ्ठी चिकटवली कारण त्या खुणा गंजाखाली दिसत नाहीत.

आता मूळ मुद्द्याचं. नाव बुश असलं तरी हा पितळी बुशसारखा किंवा बिजागरीसारखा फिरत नाही. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून घट्ट, आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बोल्टने आवळून घट्ट, आणि मधलं रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच चिकटवलेलं. आर्म वर-खाली होतो तेव्हा कुठेच काही घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही तो बोल्ट आवळता त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबरासाठी "आराम" ठरतो, त्याच्यापासून जेवढं दूर जाल तेवढा पीळ.

एवढं माहीत होतं म्हणून उजव्या बाजूला एक प्रयोग करून बघितला. उजवा मागचा बुश अर्धाच फाटला होता, उरलेलं रबर अजून दोन्ही नळ्यांना चिकटून होतं. चाक लटकलेल्या अवस्थेत आतल्या नळीच्या टोकावर आणि ब्रॅकेटवर मिळून मार्करने एक बारीक रेघ ओढली, आणि नट हळूहळू ढिला केला. बोल्ट बरोबर उंचीवर आवळलेला असता तर लटकलेल्या अवस्थेत रबरात पीळ असला पाहिजे, आणि नट सुटल्यावर आतली नळी झटक्यात फिरून रेघ तुटली पाहिजे, आर्मही किंचित खाली पडतो. ज्यांनी कारखान्यातून आलेले जुने बुश उघडलेत त्यांनी हा झटका हातात अनुभवला असेल. इथे काही झालं नाही. नट पूर्ण सैल, नळी बोटाने ढकलली तर हलतेय, आणि रेघ जिथल्या तिथे.

म्हणजे बुश आवळले तेव्हा गाडी वर होती आणि चाकं लटकत होती. लिफ्टवर घेतली असणार, बुश दाबले, आर्म लावला, गनने नट मारले, गाडी खाली. ज्या गॅरेजने केलं त्यांचं नाव घेण्यात अर्थ नाही, हे कुठेही होतं, मी स्वतः पूर्वी एका गाडीवर हेच केलंय आणि वर्षभराने ते बुश परत आले तेव्हा मीही मालालाच शिव्या घातल्या होत्या.

कागदावर गणित मांडून बघितलं. आर्मची लांबी पिव्होटपासून (चेसिसकडचा बोल्ट) बॉल जॉइंटपर्यंत (चाकाकडचं टोक) ३८० मिलिमीटर. लटकलेल्या अवस्थेतून गाडी चाकांवर आली की बॉल जॉइंट साधारण ९० मिलिमीटर वर येतो, म्हणजे जवळजवळ १४ अंश. फोनमधलं कोन मोजायचं अॅप आर्मवर ठेवून बघितलं तर तेवढंच आलं. तर गाडी नुसती उभी असतानासुद्धा रबर १४ अंश पिळलेलं, रात्रभर, दिवसभर. त्यात खड्ड्यात चाक अजून ७० मिलिमीटर वर गेलं की आणखी दहा-साडेदहा अंश, एकूण २४ च्या वर. बरोबर उंचीवर आवळलं असतं तर उभं असताना शून्य, खड्ड्यात साडेदहा, आणि १४ फक्त चाक पूर्ण लटकलं तर, ते रोज कितीदा होतं? तेच रबर, तोच माल, पण एकाला आराम आहे आणि दुसऱ्याला सुटीच नाही.

आणि मग ते १२ मिलिमीटर. पिळलेलं रबर हे स्वतःच एक छोटं स्प्रिंग असतं, ते आर्मला परत लटकलेल्या कोनाकडे ढकलत राहतं, म्हणजे गाडीला थोडी वर उचलून धरतं. त्या उंचीवर अलाइनमेंट केली. पुढे रबर फाटत गेलं तसा तो टेकू गेला, गाडी त्या बाजूला खाली बसली, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकला, टोसुद्धा (वरून बघितलं तर चाकाचं तोंड) हलला. वर ब्रेक मारला की आर्म मागे सरकून चाकाची दिशाच बदलते. महिन्याने परत अलाइनमेंट, परत नव्या उंचीवर, परत गाडी खाली. दोनदा अलाइनमेंट करणाऱ्याची काही चूक नव्हती, तो दर वेळी त्या दिवशीच्या गाडीला बरोबर करत होता. आवाज, टायर, भटकणारं स्टिअरिंग, न टिकणारी अलाइनमेंट आणि एका बाजूने झुकलेली गाडी, मामांना हे पाच आजार वाटत होते.

आता प्रत्यक्ष काम, आणि यातलं निम्मं एका बोल्टने खाल्लं.

बॉल जॉइंट सोपा सुटला. स्प्लिट पिन काढली, नट दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवला म्हणजे सुटल्यावर सगळं अंगावर येत नाही, आणि नकलच्या (हब धरणारा भाग) कानावर बाजूने हातोडा, दुसऱ्या बाजूला दुसरा हातोडा टेकवून. चौथ्या ठोक्याला सुटला. फोर्कसारखी ती पाचर मी वापरत नाही, रबरी बूट फाडते. तीन पिव्होट बोल्टही निघाले. डावा पुढचा मात्र बसला होता. नट निघाला, बोल्ट पान्याने फिरतोय, आपल्याला वाटतं आला, पण पाना सोडला की बोल्ट आपला आपण उलटा फिरून परत जागेवर. चार-पाच वेळा असं झाल्यावर लक्षात आलं की बोल्ट गंजून आतल्या नळीत एकजीव झालाय, आपण बोल्ट फिरवतच नाही, नळीसकट रबर पिळतोय आणि ते रबर परत ओढतंय. गंमत म्हणजे गाडीतल्या चार बुशांपैकी हाच एक अजून धड होता.

पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी हातोडा, ब्रेकर बार, परत ऑइल, काही नाही. गॅस लावायचा सल्ला मामांनी दिला पण शेजारूनच डिझेलची लाइन जाते आणि रबर पेटलं की तो काळा धूर नाकात जाऊ नये असा असतो, म्हणून नको म्हटलं. शेवटी हॅक्सॉचं नुसतं ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळून, ब्रॅकेट आणि नळीच्या तोंडामधल्या फटीत घातलं आणि बोल्ट दोन्हीकडून कापला. एका बाजूला चाळीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला एक तास, चार ब्लेडं. ब्रॅकेटच्या आतल्या तोंडाला एक ओरखडा आला तो फाइलने साफ केला. हत्यार मोठं असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे, माझ्याकडे नव्हतं. नवीन बोल्ट आधीच आणून ठेवलेले होते हे बरं झालं. या वयाच्या गाडीवर हे काम काढायचं तर बोल्ट-नट बुशांसोबतच आणून ठेवायचे, अर्धी गाडी उघडून दुकान शोधत फिरायचं नाही. मागच्या दोन बोल्टांना कॅम होते, म्हणजे कॅम्बर आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बसवायची ती वाकडी चकती, त्या चकतीची जागा ब्रॅकेटवर छन्नीने हलकी खूण करून ठेवली. रंगाची खूण ऑइलने जाते.

आर्म टेबलावर आले. प्रेस नाही. जुना बुश काढायला रबरात ड्रिलने गोल गोल भोकं पाडून आतली नळी मोकळी केली, ती निघाली, मग बाहेरची नळी राहते ती आर्मला चिकटून. तिला आतून ब्लेडने उभा चर पाडायचा, पण अगदी शेवटचा कागदाएवढा पत्रा उरला की थांबायचं, नाहीतर आर्मच्या भोकात चर जातो आणि तिथून पुढे तडा. मग त्या चरेत बारीक छन्नी घालून नळी आत दुमडली की ती स्वतःहून सैल होते. पहिल्याला पाऊण तास, चौथ्याला पंधरा मिनिटं, हात बसतो.

भोकं पॉलिश पेपरने साफ केली, व्हर्नियरने दोन दिशांना मोजली, अंडाकृती झालेली नव्हती. झाली असती तर नवा बुश दाबून काही उपयोग नव्हता, आर्मच बदलावा लागला असता.

इथे पॉलियुरेथेनचे बुश टाकू का असा विचार केला होता. ते चिकटवलेले नसतात, आतली नळी त्यात फिरते, त्यामुळे कुठल्या उंचीवर आवळले याने त्यांना फारसा फरक पडत नाही, म्हणजे हे जे झालं ते त्यांच्यात होतच नाही. पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, कोरडे पडले की चिर्र चिर्र करतात, आणि रस्ता जरा जास्तच हातात येतो. मामांची गाडी माल वाहते, कोण ग्रीस करत बसणार. रबरच घेतलं, आणि मुद्दाम त्याच बनावटीचं, जे आठ महिन्यांत फाटलं होतं. जुन्याशेजारी नवा ठेवून बघितला, नळीची जाडी, रबराचा आकार, खूण, सगळं एक. मामांना ते पटलं नाही. "फाटलेलाच माल परत?" मी म्हटलं मामा, माल तोच ठेवला आणि फक्त आवळायची पद्धत बदलली तरच कळेल ना दोष कुणाचा होता.

दाबायला जाड थ्रेडेड रॉड, दोन हाय टेन्साइल नट, जाड वॉशर आणि पाइपचे दोन तुकडे, एक बुशच्या बाहेरच्या नळीच्या कडेएवढा आणि दुसरा त्यापेक्षा मोठा, ज्यात बुश पलीकडे उतरेल. जोर फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यायचा. आतल्या नळीवर किंवा रबरावर दिला तर नवा बुश बसायच्या आधीच चिकटलेल्या जागी सुटतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. भोकाला साबणाचं पाणी, साधं ग्रीस नाही, पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं. सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर महत्त्वाचे, तिरका शिरला की तिरकाच जातो, म्हणून थोडं आवळलं की चारी बाजूंनी बघायचं, थोडं सोडायचं, हाताने सरळ करायचं, परत आवळायचं. मागच्या बुशात रबराला दोन पोकळ्या असतात, त्या मुद्दाम ठेवलेल्या, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहण्यासाठी. त्यामुळे तो कसाही गोल फिरवून बसवता येत नाही, त्याच्या कडेवरची खूण आर्मवरच्या खाचेला जुळली पाहिजे. एक मी दहा अंश चुकीचा बसवला, काढला, परत बसवला. ते करताना बाहेरची नळी जरा सैल तर झाली नाही ना हे दोनदा तपासलं, घट्ट होती.

आर्म परत गाडीला. पिव्होटचे नट हाताने, मग पान्याने एवढेच की बोल्टला डोलायला जागा नको पण आर्म हाताने वर-खाली हलला पाहिजे. बॉल जॉइंटचा कॅसल नट मात्र तिथेच पूर्ण टॉर्कला. त्याची खाच भोकाशी जुळली नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. टॉर्शन बार रेघेवर रेघ, अॅडजस्टिंग बोल्ट मोजलेल्या फेऱ्यांएवढा. चाकं लावली, गाडी खाली.

इथून पुढचा अर्धा तास म्हणजे या सगळ्या दोन दिवसांच्या कामाचं सार. पिव्होट नट अजून सैलच आहेत. गाडी अगदी हळू पाच-सहा मीटर पुढे, मागे, कारण जॅकवरून उतरल्यावर टायर जमिनीला आडवे धरून ठेवतात आणि गाडी खरी बसत नाही. पुढून चार वेळा दाबून सोडली. मग उंची. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती फेंडरवरून नाही, लोअर आर्मच्या पिव्होट बोल्टची जमिनीपासूनची उंची वजा आर्मच्या बाहेरच्या टोकाची उंची, असा फरक घ्यायला सांगितलाय, त्यामुळे टायर कुठलाही असला तरी चालतं. डावीकडे बोल्टचे पावणेदोन फेरे आवळावे लागले, उजवीकडे जेमतेम अर्धा. दर वेळी परत गाडी हलवायची, दाबायची, मोजायची. शेवटी दोन्ही बाजू जुळल्या, आणि फेंडरचा आकडा दोन्हीकडे ४९० आला.

त्यानंतर चाकांवर उभ्या गाडीखाली झोपून चारही नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला. पिकअपला जमिनीपासून जागा भरपूर असते म्हणून हे जमतं. मागचा नट मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय गोटीत (सॉकेटमध्ये) येत नव्हता. खालच्या गाडीत जागा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवायची, किंवा टॉर्शन बार ढिला असतानाच आर्म जॅकने मोजलेल्या उंचीपर्यंत उचलून आवळायचे. बार ढिला असतो तेव्हा आर्म सहज वर येतो, चेसिस घोडीवरून उचलला जात नाही, हा एक फायदा कॉइल स्प्रिंगवाल्यांना नाही. आवळून झाल्यावर आतली नळी आणि ब्रॅकेटवर परत एक एक रेघ, या वेळी पिवळ्या पेंटची.

अलाइनमेंटला मी स्वतः गेलो. बरं झालं गेलो, कारण तिथल्या पोराने कॅम बोल्ट जाम वाटला म्हणून सरळ गाडी जॅकवर घेऊन सैल करायला सुरुवात केली होती. त्याला म्हटलं दादा, सैल कुठेही कर, पण शेवटचा आवळताना चाकं प्लेटवर टेकलेली पाहिजेत. त्याने असं बघितलं जणू मी त्याला गाडी चालवायला शिकवतोय. पण केलं. कॅस्टर आणि कॅम्बर दोन्ही बाजूंना मर्यादेत आले, डावीकडचा कॅम आधीच्या खुणेपासून बराच फिरला.

आवाज गेला होता. स्टिअरिंग वळणातून आपण होऊन परत येत होतं, मामांनी ते सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं, त्यांना मात्र पहिल्याच वळणावर जाणवलं. डावा टायर बाद केला, आतून गेलेला रबर काही परत येत नाही, पुढे नवीन दोन.

वरच्या आर्मचे बुश बदलले नाहीत. त्यांच्यावर बारीक भेगा दिसतात, पण पहार घालून जोर दिला तर रबर दबतं आणि परत येतं, नळीपासून सुटत नाही. वरवरची भेग म्हणजे फाटलेला बुश नव्हे. "एवढं उघडलंय तर तेही कर" असं म्हणणारे म्हणतील, त्यांचं चूक नाही, पण तिथले बोल्ट काढायला शिम (कोन जुळवायच्या पातळ पट्ट्या) सुटतात आणि कारखान्यातून आलेल्या त्या बुशांना २६ वर्षं कोणी हात लावलेला नाही, मला तो लावावासा वाटला नाही.

दोनशे किलोमीटरनंतर नट परत टॉर्कला तपासले, एकही हलला नाही. मग ९ महिने झाले तेव्हा, म्हणजे आधीचे बुश जेवढे टिकले त्यापेक्षा एक महिना जास्त, परत घोड्यांवर घेतली. फेंडर डावीकडे ४८८, उजवीकडे ४८९. पिवळ्या रेघा चिखलाखाली होत्या, कापडाने पुसल्या, चारही सरळ. चाक लटकत असताना डाव्या मागच्या बुशचं रबर एका बाजूला पिळलेलं स्पष्ट दिसत होतं, जॅकने आर्म हळूहळू वर उचलला तशी ती सुरकुती उलगडत गेली आणि ४८८ ला पूर्ण सपाट झाली. मामा वाकून बघत होते. म्हणाले, "आणि त्यांनी हे सपाट असताना वरच आवळलं होतं?" हो. "मग जमिनीवर आल्यावर ही सुरकुती कायमचीच." मी म्हटलं हो मामा, तेच. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले मागच्या पाट्यांच्या शॅकलमधून पण हल्ली काहीतरी वाजतंय, ते कधी बघतोस.